दोनशे रुपयांची पत्रकं आणि पाकिटावरचं लेबल



पोस्ट लांब आहे. एका दमात वाचून होणार नसेल तर सेव्ह करून ठेवा. पण घरात गुडघ्याचं, शुगरचं नाहीतर बीपीचं माणूस असेल तर वाचल्याशिवाय सोडू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा, कारण ही पोस्ट खरं म्हणजे त्यांच्यासाठी आहे आणि ते फेसबुकवर नाहीत.

सरकारवर लिहायचं आहे, पण आधी माझी चूक सांगतो. नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी सांगणारच आहे, "भाऊ, तूच तर पत्रकं वाटली होती."

हो, मीच वाटली होती.

आपल्या गावात पेपर माझ्याकडून येतो हे सगळ्यांना माहीत आहे. बातमी लिहायची, जाहिरात आणायची आणि पहाटे पेपरही वाटायचा, खेड्यातला पत्रकार असा तीन ठिकाणी राबतो तेव्हा त्याचं घर चालतं. दिवाळीनंतर मंडईचे दिवस होते. एक गृहस्थ गाडी घेऊन आले. स्वच्छ शर्ट, गोड बोलणं. गुडघेदुखी, कंबरदुखी, संधिवात, मधुमेह, सगळ्यांवर एकच पावडर. "शंभर टक्के आयुर्वेदिक, साईड इफेक्ट नाही, गुण न आल्यास पैसे परत." पत्रकं पेपरात टाकायची, एका पत्रकाचे पन्नास पैसे. चारशे पत्रकं टाकली, दोनशे रुपये खिशात घातले. वर त्यांनी एक छोटी जाहिरात दिली, म्हणून मी बातमीही लावली. मथळा अजून आठवतो, "आरोग्य शिबिरास उत्स्फूर्त प्रतिसाद". औषध काय आहे, परवाना आहे का, विकणारा डॉक्टर आहे का वैद्य, यातला एकही प्रश्न मी विचारला नाही. पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसं हे आलं पाहिजे. जाहिरात देणाऱ्याला मात्र यातलं काहीच विचारायचं नसतं, हे पुढे धंद्यात शिकलो.

त्या पत्रकांतलं एक पत्रक आमच्याच घरी पडलं. माझ्या मोठ्या आईने ते वाचून घेतलं आणि मंडईच्या दिवशी दोन पाकिटं आणली. तिचे गुडघे पंचवीस-तीस वर्षांच्या रोवणीने गेले आहेत. ज्यांनी पऱ्हे लावले त्यांना सांगायला नको. पावसात, गुडघाभर चिखलात, दिवसभर वाकून. आपल्या भागात पन्नाशीच्या पुढची कोणती बाई सरळ चालते ते मला दाखवा.

पावडरीने चार दिवसांत आराम पडला. "बापू, जादूच झाली ना रे, मी आता पाटावर बसू शकतो," असं मोठी आई सगळ्यांना सांगत सुटली. तिच्या सांगण्यावरून आणखी पाच-सहा बायांनी पाकिटं मागवली. फोन केला की माणूस आणून द्यायचा. तीन-चार महिन्यांत तिचा चेहरा भरून आला. लोक म्हणत, "तब्येत सुधारली." आम्हालाही तसंच वाटलं. मग पायावर सूज, जरा धक्का लागला की काळे-निळे डाग, रात्री चार-चार वेळा लघवीला उठणं. आणि एक दिवस पावडर संपली, तो माणूस फोन उचलेना, आणि आठवडाभरात मोठी आई उलट्या होऊन अंगणातच पडली.

साकोलीला नेलं, तिथून भंडाऱ्याला. शुगर वाढलेली, बीपी खाली गेलेलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहून पहिला प्रश्न विचारला, "आजी, कोणती पावडर घेता?" ती म्हणाली काहीच नाही. मीच घरी येऊन पाकीट शोधून नेलं. डॉक्टर म्हणाले, अशी माणसं दर महिन्याला येतात. पावडरीत बहुतेक स्टिरॉइड असावं.

आता इथे मी एक गोष्ट स्पष्ट करतो. माझ्याकडे प्रयोगशाळेचा कागद नाही. त्या पावडरीत काय होतं हे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तिचं नावही लिहीत नाही. डॉक्टरांचा अंदाज मी अंदाज म्हणूनच सांगतो आहे. मोठी आई वाचली. अजून गोळ्या सुरू आहेत, हळूहळू डोस कमी करत आणलाय.

पण स्टिरॉइडचं गणित सगळ्यांनी समजून घ्या, कारण "गुण येतो म्हणजे औषध चांगलं" या समजावरच हा धंदा चालतो. स्टिरॉइड हे खोटं औषध नाही. दम्यात, काही वातरोगांत, जीव वाचवायला डॉक्टर ते मोजून देतात. सूज आणि वेदना ते झपाट्याने दाबतं, म्हणून चार दिवसांत चमत्कार दिसतो. पण ते शुगर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं, कातडी पातळ करतं, चेहरा सुजवतं, अंगातली प्रतिकारशक्ती कमी करतं. आणि बाहेरून रोज मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टिरॉइड बनवणं थांबवतं. मग पावडर एकदम बंद झाली की माणूस कोसळतो. म्हणून ज्यांच्या घरात अशी पावडर महिनोन्‌महिने सुरू आहे, त्यांनी ही पोस्ट वाचून ती उकिरड्यावर फेकून मोकळं होऊ नका. पाकीट घेऊन आधी डॉक्टरकडे जा आणि काय घेतलं ते खरं सांगा.

आता ते पाकीट. मी ते घरी आणून उन्हात धरून वाचलं. पुढे देवाचा फोटो, वनस्पतींची चित्रं, "शंभर टक्के आयुर्वेदिक". मागे "जडीबुटी मिश्रण" असा एक शब्द आणि एक मोबाईल नंबर. परवाना क्रमांक नाही. बॅच नंबर नाही. कधी बनवलं, कधीपर्यंत चालेल, काहीच नाही. कारखान्याचा पत्ता नाही.

कायदा काय सांगतो बघा. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर "आयुर्वेदिक औषध" असे शब्द, आत काय-काय आणि किती प्रमाणात आहे त्याची खरी यादी, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख हे सगळं लागतं. लेबल असं नसेल, किंवा लेबलवरचा दावा खोटा वा दिशाभूल करणारा असेल, तर कायद्याच्या भाषेत ते औषध "मिथ्याछाप". आत न सांगितलेलं काही घातलं असेल तर तो त्याहून मोठा गुन्हा. म्हणजे पाकिटाची मागची बाजू वाचता येणारा दहावीचा पोरगाही सांगू शकला असता की हा माल विकायलाच बंदी आहे. आणि मी तर डिप्लोमावाला, मी त्याची पत्रकं वाटली.

मग मी तक्रार करायला गेलो. काय झालं? बिल नव्हतं. पाकीट फोडलेलं होतं, आणि फोडलेल्या पाकिटावर खटला उभा राहत नाही. औषध निरीक्षकाला नमुना विक्रेत्याकडून, कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने, भाग पाडून सीलबंद घ्यावा लागतो. विक्रेता तर मंडई संपली तसा गायब. फोन बंद. मी दुसऱ्या कोणाला दोष देत नाही, कारण बिल न घेणारे आम्हीच होतो. पण एवढ्यावरून एक गोष्ट कळली. या धंद्यात औषध बनवायला परवाना लागतो, पण आयुर्वेदिक औषध विकायला लागत नाही. अ‍ॅलोपॅथीच्या गोळ्या विकायच्या तर दुकान, फार्मासिस्ट, परवाना हे सगळं लागतं. आयुर्वेदिक लेबल चिकटवलं की तोच माल किराणा दुकानात, बाजारात, मंडईत, गाडीवर कुठेही विकता येतो. म्हणूनच भामट्याला "आयुर्वेदिक" हा शब्द इतका आवडतो. त्याला आयुर्वेदाशी काही घेणं नाही, त्याला फक्त बिनपरवान्याचं दुकान पाहिजे.

आता कोणी म्हणेल की सरकार कारवाई करत नाही का? करते. त्याचाही हिशोब मांडू.

जाहिरातीपुरता वेगळा कायदा १९५४ पासून आहे, जादूटोण्यासारखे उपाय आणि आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा. त्याच्या यादीत ५४ रोग आहेत. मधुमेह, कॅन्सर, रक्तदाब, हृदयरोग, फिट्स, लकवा, मोतीबिंदू, मुतखडा, संधिवात, लठ्ठपणा. या रोगांवर आमचं औषध चालतं अशी जाहिरात सामान्य लोकांपुढे करणंच गुन्हा आहे. औषध खरं की खोटं हा प्रश्नच नाही, जाहिरात केली की गुन्हा. आणि गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस थेट हात घालू शकतात. शिक्षा पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत, पुन्हा केलं तर एक वर्षापर्यंत. मी पेपरात टाकलेलं पत्रक या कायद्याखाली येतं. जाहिरात छापण्यात आणि पसरवण्यात हात असणाराही त्यातून सुटत नाही. सत्तर वर्षांपासून कायदा आहे, आणि आपल्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या मुतारीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर काय लिहिलेलं आहे ते तुम्ही रोज वाचता.

मोठ्या कंपनीचं काय होतं तेही पाहिलं आपण. इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींविरुद्ध सुप्रीम कोर्टात अर्ज केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीने कोर्टात हमी दिली, तरी जाहिराती चालूच राहिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टाने अवमानाची नोटीस काढली आणि सरकार डोळे मिटून बसलंय अशा आशयाचे शब्द केंद्राला ऐकवले. एप्रिलमध्ये कंपनीने देशभरातल्या ६७ पेपरांत माफीनामा छापला. न्यायमूर्तींनी विचारलं, तुमची माफी तुमच्या जाहिरातींएवढीच मोठी आहे का? दुसऱ्या दिवशी मोठा माफीनामा आला. त्याच महिन्यात उत्तराखंड सरकारने कंपनीच्या १४ औषधांचे परवाने स्थगित केले. इतकी वर्षं जे दिसत नव्हतं, ते कोर्टाने डोळे वटारल्यावर दिसलं. ऑगस्ट २०२४ मध्ये माफी स्वीकारून अवमानाचं प्रकरण बंद झालं.

माझ्या धंद्यातल्या लोकांनी त्यात एक गोष्ट पाहावी. पेपरांनी आधी जाहिरातीचे पैसे घेतले आणि नंतर माफीनाम्याचेही पैसे घेतले. दोन्ही वेळा गल्ला भरला. वाचकाची माफी मात्र कोणत्याही पेपराने मागितलेली मला आठवत नाही.

त्याच प्रकरणात दुसरी एक गोष्ट झाली, तिची चर्चा कमी झाली. नियम १७० नावाचा एक नियम डिसेंबर २०१८ मध्ये आला होता. आयुर्वेदिक, सिद्ध, युनानी औषधाची जाहिरात करायची तर आधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, क्रमांक घ्या, मग छापा. साधा, समजणारा नियम. माझ्यासारख्या पेपरवाल्यालाही सोपा, क्रमांक आहे तर घे, नाही तर परत पाठव. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र धाडलं की या नियमाखाली कारवाई करू नका. १ जुलै २०२४ ला नियमच काढून टाकला. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या काढण्याला स्थगिती दिली. मग ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरणच निकाली निघालं आणि त्यासोबत स्थगितीही गेली. म्हणजे आज जाहिरात आधी तपासण्याची ती चाळणी नाही. आधी छापा, लोकांनी खावं, कोणाला त्रास झाला तर त्याने तक्रार करावी, मग आपण बघू. हे माझ्या मते उलटं आहे. धान केंद्रावर नेताना आपला माल ओला आहे का, कचरा आहे का हे आधी तपासतात, मग मोजतात. तुमच्या-माझ्या पोटात जाणाऱ्या वस्तूला एवढाही नियम नको?

"तू आयुर्वेदाच्या विरोधात आहेस," हा आरोप येणारच. नाही बाबा. हिरडा, बेहडा, अडुळसा, सुंठ आमच्याही घरात आहे. शिकलेल्या, पदवीच्या वैद्यांबद्दल मला आदर आहे. उलट असल्या पाकिटांनी पहिला घात त्यांचाच होतो. खरा वैद्य म्हणतो, पथ्य पाळा, तीन महिने लागतील. भामटा चार दिवसांत उठवून बसवतो, कारण त्याने आत चोरून अ‍ॅलोपॅथीचंच औषध घातलेलं असू शकतं. मग लोक वैद्याला सोडून भामट्याकडे जातात. लेबलचा कायदा कडक झाला तर वैद्याचं काहीच बिघडत नाही.

आणि अ‍ॅलोपॅथीवाले हसू नका. तुमच्याकडचं लेबलही काही फार खरं नाही.

आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात काय घडलं? कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून मार्च २०२३ मध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला. ही साधी अँटिबायोटिक, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. अहवाल आला डिसेंबर २०२३ मध्ये. गोळीत औषधच नव्हतं. पुढे नागपूरच्या इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून, म्हणजे आपण ज्याला मेयो म्हणतो तिथून, साठा जप्त झाला. लेबलवर ज्या गुजरातच्या कंपनीचं नाव होतं, ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. नागपूर ग्रामीण पोलिसांनी २०२४ मध्ये सुमारे १२०० पानांचं आरोपपत्र दाखल केलं. त्यात म्हटलं आहे की हा माल हरिद्वारच्या एका जनावरांच्या औषधांच्या प्रयोगशाळेत स्टार्च आणि टाल्कम पावडर मिसळून बनवला आणि महाराष्ट्रासह इतर राज्यांच्या सरकारी दवाखान्यांत गेला. टाल्कम पावडर, म्हणजे जी आपण लेकरांच्या अंगाला लावतो ती. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण मधले नऊ महिने बघा. नमुना घेतला मार्चमध्ये, निकाल डिसेंबरमध्ये. तोवर ती गोळी किती तापाच्या माणसांनी खाल्ली असेल?

आणि मागच्या वर्षीचं छिंदवाडा. परासियाची लेकरं खोकल्याचं औषध पिऊन किडनी बंद होऊन नागपूरच्या दवाखान्यांत आली. बहुतेक पाच वर्षांखालची. वीसहून जास्त गेली. औषधाचं नाव कोल्ड्रिफ, तामिळनाडूतल्या कांचीपुरमच्या स्रेसन फार्माचं. बॅच एसआर-१३. तपासणीत डायएथिलीन ग्लायकॉल हे विष ४८.६ टक्के निघालं. मुभा आहे ०.१ टक्क्याची. लेबलवर अर्थातच त्याचं नाव नव्हतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातून पत्र गेल्यावर तामिळनाडूच्या यंत्रणेने दोन-तीन दिवसांत नमुना घेऊन, तपासून, अहवाल दिला. आपल्या राज्याच्या एफडीएनेही ती बॅच वापरू नका असा इशारा काढला. कंपनीचा परवाना गेला, मालक अटकेत गेला.

इथे मला प्रश्न पडतो. अहवाल दोन-तीन दिवसांत येऊ शकतो हे तामिळनाडूने दाखवलं. मग आपल्याकडे कळमेश्वरच्या गोळीला नऊ महिने का लागले? प्रयोगशाळा नागपुरातही आहे. लेकरं मेली की यंत्र जोरात फिरतं. मोठ्या माणसाचा ताप उतरला नाही तर कोणी विचारत नाही, कारण त्याच्या मरणाच्या कागदावर "खोटी गोळी" असं कारण कधीच लिहिलं जात नाही.

हेच विष आपल्या राज्याने आधी पाहिलं आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला आणि त्यांनी रुग्णालय, पुरवठादार, एफडीए ते मंत्र्यांपर्यंत कोणालाच सोडलं नाही. त्याच्याही आधी १९३७ मध्ये अमेरिकेत याच विषात विरघळवलेल्या औषधाने शंभरावर माणसं मेली. आणि गंमत अशी की तिथल्या तेव्हाच्या कायद्यात विषारी औषध विकणं हा गुन्हाच नव्हता. मग कंपनीला पकडलं कशावर? लेबलवर. बाटलीवर "इलिक्सर" लिहिलं होतं, इलिक्सर म्हणजे त्यात अल्कोहोल पाहिजे, यात नव्हतं, म्हणून लेबल खोटं. एवढ्याच धाग्यावर माल परत गोळा केला आणि कंपनीला दंड झाला. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्यांनी कायदा बदलला की विकण्याआधी औषध सुरक्षित आहे हे दाखवा. ते एका घटनेतून शिकले. आपल्याकडे १९८६ नंतर २०२५ मध्ये तेच विष पुन्हा लेकरांच्या पोटात गेलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. छापे टाकल्याच्या बातम्या मीही लिहितो, "लाखोंचा साठा जप्त" असा मथळा देतो आणि विसरतो. जप्ती म्हणजे कारवाई नव्हे, ती कारवाईची सुरुवात आहे. मला पाच गोष्टी पाहिजेत.

एक, जाहिरातीला आधी मंजुरीचा नियम परत आणा. केंद्राला नको असेल तर राज्याने मार्ग काढावा.

दोन, नमुन्याच्या अहवालाला मुदत ठरवा. आणि जी बॅच अप्रमाणित किंवा बनावट निघाली तिची यादी मराठीत, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लावा. वेबसाईटवरच्या पीडीएफमध्ये कोंबलेली यादी आमच्या मोठ्या आईला काय कामाची?

तीन, लेबल मराठीत आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात. आज आयुर्वेदाचं कौतुक मराठीत मोठं छापतात आणि घटक इंग्रजी-लॅटिनमध्ये मुंगीएवढे.

चार, शिक्षा सारखी करा. अ‍ॅलोपॅथीच्या बनावट किंवा भेसळीच्या औषधाने माणूस मेला तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप आहे. आयुर्वेदिक म्हणून विकलेल्या भेसळीच्या किंवा बिनपरवाना औषधाला कायद्याच्या त्या प्रकरणात एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. किडनी दोन्हीकडे एकच जाते.

पाच, मंडई, जत्रा, आठवडी बाजार. आपल्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई असते, ग्रामपंचायत जागा देते, पावती फाडते. औषधाची दुकानं मांडणाऱ्याकडून पावती फाडताना परवान्याची आणि आधारची प्रत घ्या. एवढं केलं तरी अर्धे लोक गाडी वळवून परत जातील. याला दिल्लीची परवानगी लागत नाही, सरपंचाचं मन लागतं.

आणि हे सगळं करूनही एक प्रश्न उरतोच, तो टाळून ही पोस्ट संपवली तर मी खोटा. लोक त्या गाडीवाल्याकडे का जातात? कारण गुडघा रोज दुखतो. भंडारा-नागपूरच्या हाडांच्या डॉक्टरकडे जायचं तर एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं, फी, एक्स-रे. आणि शेवटी डॉक्टर म्हणतो, "गुडघा घासला आहे, वजन कमी करा, वाकू नका." वाकू नका! रोवणी काय उभ्याने होते? गाडीवाला तिच्या अंगणात येतो, "माय" म्हणतो, अर्धा तास ऐकून घेतो आणि चार दिवसांत आराम देतो. त्याचं ऐकून घेणं फुकट आहे आणि तेच आपल्या व्यवस्थेत सगळ्यात महाग झालंय. आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी गुडघे-कंबर पाहणारा, व्यायाम शिकवणारा माणूस बसला, तर त्या पावडरीचं गिऱ्हाईक आपोआप कमी होईल. नुसतं "अंधश्रद्धा सोडा" म्हणून काही होणार नाही.

आता तुमच्या हातातलं सांगतो. पाकीट उलटं करून वाचा. परवाना क्रमांक, बॅच, दोन्ही तारखा, पूर्ण पत्ता, घटकांची यादी. यातलं एकही नसेल तर घेऊ नका. बिल मागा, बिल नाही तर औषध नाही. सर्व रोगांवर एकच औषध असेल तर उठून या. चार दिवसांत चमत्कार झाला तर खूश होण्याआधी शुगर तपासा. शंका आली तर पाकीट फोडू नका, जपून ठेवा, आणि एफडीएच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री नंबरवर कळवा. विकणारा गावात असतानाच कळवा, माझ्यासारखं मंडई उठल्यावर नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर त्या दिवसापासून औषधाचं पत्रक मी पेपरात टाकत नाही. "शिबिराची" बातमी हवी असेल तर आधी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आणि औषधाचा परवाना मागतो. दोन-तीन जाहिराती त्यामुळे गेल्या. गेल्या तर गेल्या.

मोठी आई परवा अंगणात खुर्चीवर बसली होती. गुडघे दुखतातच. मी पेपरांचा गठ्ठा बांधत होतो तर म्हणाली, "बापू, तुह्या पेपरात आलं होतं म्हणून घेतलं ना रे मी."

तिने रागाने म्हटलं नाही, सहज म्हटलं. त्या पत्रकांपैकी किती घरांत असंच झालं असेल, ते मला माहीत नाही. ज्यांनी त्यावेळी माझ्या पेपरातलं पत्रक पाहून पाकीट घेतलं, त्यांची मी इथे सगळ्यांसमोर माफी मागतो. पाकीट घरात असेल तर मला फोन करा किंवा घरी या. सोबत दवाखान्यात येतो.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देईन.

(एकोडी, ता. साकोली, जि. भंडारा)